ओल्या कपड्याला हात लावायचा नाही

घडीताईच्या हाती कागद द्यायचा नाही, हे आमच्या लाँड्रीत नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. दिलाच, तर तो काठाला काठ जुळवलेली चौकोनी घडी होऊन परत येतो, आणि ती उलगडेपर्यंत गिऱ्हाईक समोर ताटकळत राहतं. बिस्किटाचा कागद, बसचं तिकीट, डॉक्टरची चिठ्ठी, सगळ्यांची तीच गत. एकदा आम्ही दोघी दवाखान्यात रांगेत बसलो होतो. आमचा नंबर लागेपर्यंत हिनं शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या मांडीवरचा मफलर उचलून, नीट घडी घालून परत ठेवला होता. म्हातारा बिचारा थँक्यू म्हणाला. मी भिंतीवरचा तक्ता वाचत असल्याचं सोंग केलं.

मी काउंटरवर बसते. पावत्या देते, गिऱ्हाइकांची बोलणी खाते आणि त्यातली निम्मी ज्याची त्याला परत करते. मला सगळे बाई म्हणतात. बाईचं तोंड फटकळ आहे असंही म्हणतात, पण ते माझ्या पाठीमागे. आतल्या खोलीत इस्त्रीमामा असतो आणि त्याच्या शेजारच्या लांब टेबलाशी घडीताई. मामाच्या हातून गरम कपडा तिच्याकडे सरकला, की ती तो झटकते, हनुवटीखाली धरते, बाह्या मागे घेते, आणि आपण काही म्हणेपर्यंत तो गठ्ठ्यावर जाऊन बसलेला असतो. ती कामाला लागली तेव्हा तिची वेणी काळीभोर होती. आता कानाजवळ पांढरं दिसतं. एवढ्या वर्षांत तिनं कुणाशी भांडण केलेलं मला आठवत नाही, आणि माझ्या शेजारी राहून हे जमवणं सोपं नाही.

तिचं लग्न उशिरा झालं. आता काही होत नाही असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं, तिनं स्वतःसुद्धा. आमच्याकडे एक ट्रकवाला यायचा. बायको जाऊन काही वर्षं झालेली, पदरात एक मुलगी, आणि शर्टाची निम्मी बटणं कायम तुटलेली. एकदा त्याचे शर्ट परत मिळाले तर सगळी बटणं जागेवर. त्यानं मला विचारलं, “ही कुणी लावली?” मी आतल्या खोलीकडे बोट केलं. मी ते लग्न जमवलं असं लोक म्हणतात, ते उगीच. मी बोट केलं, एवढंच. बाकी त्या बटणांनी केलं.

लग्नानंतर ती आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायला आली. नवरा भला माणूस, पण लांबच्या फेऱ्या, त्यामुळे घरात असण्यापेक्षा रस्त्यावर जास्त. म्हणजे खरा संसार दोघींचाच, घडीताईचा आणि त्या मुलीचा.

मुलगी तेव्हा सहावीत होती. तिच्याबद्दल कुणाला विचारलं असतं तर एकच उत्तर आलं असतं, की किती गुणी पोर! जेवली की आपलं ताट आपण घासायची. कपडे आपले आपण धुवायची. “हो काकू”, “नको काकू”, “चालेल काकू” यापलीकडे बोलणं नाही. आई हा शब्द त्या घरात एकाच माणसाचा होता आणि ते माणूस आता नव्हतं, तेव्हा काकू म्हणायची यात काही वावगं नव्हतं. पण पोर आपल्याच घरात पाहुण्यासारखी राहायची. खुर्चीवर बसली तरी टोकावर. मी तिचं नावच पाहुणी ठेवलं होतं.

“एवढी गुणी पोर मिळाली, नशीब काढलंस,” असं इस्त्रीमामा एकदा घडीताईला म्हणाला. ती नुसती हसली. दुपारी चहा पिताना मात्र मला म्हणाली, “बाई, ती तिचा गणवेश मला घडी घालायला देत नाही हो. मी घालायला गेलेच, तर हातातून काढून घेते आणि म्हणते, काकू, तुम्ही दमून आलात. तिची घडी बघितलीत का? बाही एकीकडे, कॉलर एकीकडे. सगळ्या गावाच्या कपड्यांना माझा हात लागतो, आणि हिच्या नाही.”

“कामचुकार असती तर रडली असतीस. आता कामसू आहे म्हणून रडतेस,” मी म्हटलं.

“ती माझ्याशी वाईट वागली असती तरी चाललं असतं,” ती म्हणाली. “एकदा तरी हट्ट करावा. काहीतरी मागावं. ताट आपटावं. आपल्या माणसाशी आपण असे वागतो का सांगा, सारखं थँक्यू नि सॉरी?”

मी चहा संपवला. तिचं म्हणणं खरं होतं. हक्काचं माणूस असलं की आपण त्याच्यावर डाफरतो. मी तर माझ्या बहिणीशी धड एक वाक्य बोलत नाही, आणि ती आजारी पडली की सगळ्यात आधी मी तिथे जाऊन बसते.

तर अशातच शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं.

हे घरी कळलं तेही शेजारच्या मुलाकडून. तो ज्वालामुखी करणार होता. त्याच्या घरच्यांनी प्लास्टर आणलं होतं, रंग आणले होते, आणि जिन्यात पांढऱ्या पावलांची रांग लागली होती. घडीताईनं रात्रीच्या जेवणाला विचारलं, “तू काय करणार आहेस ग?” तर पाहुणी म्हणाली, “माझं ठरलंय काकू. पेला, पाणी आणि पेन्सिल. पेन्सिल पाण्यात वाकडी दिसते. काही आणायला लागणार नाही.”

दुसऱ्या दिवशी घडीताई ही गोष्ट सांगत असताना हातातला शर्ट तिसऱ्यांदा उलगडत होती. “तिला पेन्सिलीचं काडीचं कौतुक नाही बाई. तिनं तोच प्रयोग निवडला ज्यात मला काही मागावं लागणार नाही.”

“मग तू सांग तिला, दुसरा कर.”

“काय सांगू? मला विज्ञानातलं काय कळतं?”

इस्त्रीमामाला मात्र कळत होतं, निदान त्याचा तसा समज होता. तो म्हणाला, रॉकेट करा. रॉकेटला काय लागतं ते विचारल्यावर तो म्हणाला, ते पोरांनी शोधायचं असतं. मग म्हणाला, पाणबुडी करा. त्याला मी इस्त्रीकडे लक्ष द्यायला सांगितलं, कारण वास यायला लागला होता.

पाहुणी रोज शाळा सुटली की घराची किल्ली न्यायला काउंटरवर यायची. त्या दिवशीही आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “काकू, किल्ली.” घडीताई किल्ली घेऊन बाहेर आली, पण देईना. तिला बोलायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी मीच तोंड घातलं. नाक खुपसायची सवय कधीतरी उपयोगी पडते.

“काय ग, पेन्सिल पाण्यात वाकडी दिसते हे तुला माहीत आहे ना?”

“हो.”

“मग माहीत असलेल्या गोष्टीचा प्रयोग कशाला करतेस? तुला माहीत नाही असं काय आहे, ते सांग.”

पोर गोंधळली. तिला बहुधा असं कुणी विचारलं नसावं. काउंटरवरून आमचं मागचं अंगण दिसतं, तिथे दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. तिकडे बघत ती म्हणाली, “सगळे कपडे एकाच वेळी वाळत घालतात. मग सगळे एकाच वेळी का वाळत नाहीत?”

“अगं, कारण जे जाड...” घडीताईनं तोंड उघडलं. मी काउंटरखालून तिच्या पायावर पाय दिला.

“माहीत नाही बुवा,” मी म्हटलं. “बघ की तूच.”

पोरीचे डोळे तेव्हा पहिल्यांदा चमकलेले मी पाहिले. मग ती एकदम व्यवहाराला लागली. सारख्या मापाचे तुकडे लागतील, एक सुती, एक लोकरी, एक रेशमी, एक पॉलिस्टरचा. सगळे एकदम भिजवायचे, एका दोरीवर घालायचे, आणि थोड्या थोड्या वेळानं वर्तमानपत्राचा कागद दाबून बघायचा. कागदाला ओल लागली नाही की वाळला. बोलता बोलता ती थांबली आणि चेहरा पुन्हा पाहुण्याचा झाला. “पण एवढी कापडं कुठून आणणार? राहू दे. पेन्सिल बरी आहे.”

न नेलेल्या कपड्यांचं आमच्याकडे एक अख्खं कपाट आहे. लोक कपडे टाकतात आणि घर बदलतात, नाहीतर जाड होतात. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते आणि मी ती सहसा कुणाला देत नाही. त्या दिवशी मी त्यातून एक उशीचा अभ्रा, एक विरलेला स्वेटर, एक रेशमी स्कार्फ आणि एक शर्ट काढला, आणि मालकानं विचारलं तर उंदरांचं नाव सांगायचं ठरवलं. घडीताईनं तुकडे कापले. स्वेटरचा कापलेला काठ उसवू नये म्हणून त्याला टाकेसुद्धा घातले. पाहुणी म्हणाली, “थँक्यू काकू.” घडीताईचा चेहरा किंचित पडला, पण तुकडे कापायला मिळाले हेही तिला कमी नव्हतं.

रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर प्रयोग मांडला. मीही वर गेले होते, माझ्या वाळवायच्या उशा हे निमित्त. पाहुणीनं तुकडे बादलीत बुडवले, न पिळता काढले आणि चिमट्यांनी दोरीला लावले. प्रत्येकाखाली चिठ्ठी. स्वेटरच्या तुकड्यातून पाण्याची धार लागली होती आणि तो एका बाजूला लोंबत होता. घडीताईचा हात पुढे गेला आणि मागे आला. मी ते पाहिलं, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जेवणाची वेळ झाली. पाहुणी जागची हलेना. तेव्हा घडीताई म्हणाली, “तू खाली जाऊन जेवून घे. मी बघते इथे.”

पोर निश्चिंत मनानं खाली गेली. उशा घेऊन मीही गेले.

आता “मी बघते” म्हणजे काय, हे जगातल्या सगळ्या माणसांना कळतं. घडीताईच्या हातांना कळत नाही. मी नुकतीच जरा आडवी झाले होते, तेवढ्यात वरून आवाज आला. आवाज कुणाचा ते आधी मला ओळखूच आलं नाही, कारण तो मी पूर्वी कधी ऐकलाच नव्हता. मी तशीच अनवाणी वर धावले.

दोरी रिकामी होती. कठड्यावर चारही तुकडे घड्या घालून, एकावर एक रचून ठेवलेले होते. सगळ्यात वर चिठ्ठ्या, त्यांचीही घडी.

“कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला?” पाहुणी ओरडत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. “कुठला आधी वाळला?”

“सगळे वाळले,” घडीताई म्हणाली.

“सगळे कसे वाळतील? लोकरीचा कसा वाळेल?”

“तो ठिबकत होता ग. जरासा पिळला. मग उन्हात सरकवला, उलटा केला. रेशमी सावलीत घेतला, त्याचा रंग उडतो ना उन्हानं...”

“उडू दे ना रंग! मला तेच बघायचं होतं! सगळी वाट लावलीस! एवढं साधं काम होतं, नुसतं बघत बसायचं! तुला नुसतं बघत बसता येत नाही?” आणि पोरीनं ती घड्यांची चवड उचलून गच्चीवर भिरकावली आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन हमसून हमसून रडायला लागली.

घडीताई हात लोंबकळवून उभी होती. जमिनीवर कपडे पडलेत आणि ती ते उचलत नाहीये, हे दृश्य मी त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, ही आता कोसळते. मी तिचा दंड धरून तिला जिन्यात आणलं. “पोर आहे, निवळेल,” मी म्हणाले.

“ओरडली माझ्यावर,” ती म्हणाली.

“सगळ्या इमारतीनं ऐकलं.”

“कपडे फेकले हो बाई. माझ्यासमोर फेकले.” असं म्हणून ती पायरीवर बसली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना ती हसत होती. मी आयुष्यात भल्याभल्यांना झापलंय, पण बोलणी खाऊन एवढं सुखावलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तो आनंद एक दिवससुद्धा टिकला नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर पाहुणी किल्ली न्यायला आली. दारात सरळ उभी राहिली आणि पाठ करून आल्यासारखी म्हणाली, “काकू, कालबद्दल सॉरी. मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. मी पेन्सिलीचाच प्रयोग करते. तो सोपा आहे.”

घडीताईचा चेहरा असा उतरला, की आतून इस्त्रीमामानंसुद्धा इस्त्री उभी करून ठेवली. काल ओरडली तेव्हा जे मिळालं होतं, ते आज दोन गोड शब्दांत पोरीनं परत काढून घेतलं होतं. आणि तिला ते कळतही नव्हतं, कारण तिच्या मते ती चांगलंच वागत होती. मला त्या पोरीला गदागदा हलवावंसं वाटलं. पण त्या दिवशी माझ्यावर ती वेळच आली नाही.

“पेन्सिल-बिन्सिल काही नाही,” घडीताई म्हणाली. आवाज चढलेला होता. “आणि सॉरी कशाला? चूक माझी होती. तू ओरडलीस ते बरोबर होतं. लाँड्रीत ज्याच्या हातून कपडा बिघडतो, तो त्यानंच निस्तरायचा असतो. प्रयोग मी बिघडवला, मीच तो परत करून देणार.”

पाहुणी दचकली. तिनंही काकूंचा हा आवाज नवाच ऐकला होता. “पण तुम्ही परत हात लावाल,” ती म्हणाली.

“नाही लावणार.”

“लावाल.”

“सांगितलं ना, नाही लावणार.”

“लावालच! तुम्हाला कळतही नाही तुम्ही कधी लावता ते! आत्तासुद्धा काय करताय?”

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. पाहुणीनं काउंटरवर ठेवलेल्या तिच्या स्वेटरची घडी पूर्ण होत आली होती, फक्त एक बाही राहिली होती.

आधी मी हसले. मग आतून मामा हसला. घडीताई ओशाळून स्वेटर सोडायला लागली, आणि पाहुणी त्या स्वेटरकडे बघत राहिली. तिचे ओठ आवळलेले होते. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती विचार करत होती.

“मग लावाच,” ती सावकाश म्हणाली.

“काय?”

“हात लावा. एका दोरीला लावा, पिळा, उलटा, काय करायचं ते करा. दुसऱ्या दोरीला नाही लावायचा. मग बघू, काकूंच्या हातानं किती फरक पडतो ते.” आणि मग आमच्याकडे बघून, जरा घाबरत, “असा प्रयोग चालेल का?”

“न चालायला काय झालं,” मी म्हटलं, आणि कपाटाची किल्ली काढली. उंदीर पुन्हा एकदा स्वेटरवर धाड घालणार होते.

बुधवारी सणाची सुट्टी होती, लाँड्रीला आणि शाळेलाही. मागच्या अंगणात समोरासमोर दोन दोऱ्या बांधल्या. इकडे चार तुकडे, तिकडे चार, तेच कापड, तेच पाणी. पहिली दोरी घडीताईच्या ताब्यात दिली आणि तिनं जे काही केलं ते बघण्यासारखं होतं. पिळून, झटकून, कोपरे ताणून, वारा कुठून येतो ते गालावर घेऊन तिनं एकेक तुकडा लावला, आणि मग त्यांच्याभोवती अशी फिरत राहिली, जशी नर्स वॉर्डात फिरते. त्यात तिला काही अडचण नव्हती. अडचण दुसऱ्या दोरीची होती.

दुसऱ्या दोरीवर तो स्वेटरचा तुकडा वाकडा लोंबत होता आणि टपटप टपटप पाणी गाळत होता. अभ्र्याच्या तुकड्याचा एक कोपरा दुमडून आतल्या बाजूला चिकटला होता. एका बोटानं सुटला असता. घडीताई तिकडे पाठ करून उभी राहायची, आणि दर थोड्या वेळानं मान आपोआप वळायची.

“काकू, मान!” पाहुणी ओरडायची.

“नुसतं बघतेय.”

“नुसतं बघत नाही तुम्ही. पुढे बघा.”

“अगं, त्याचा तो कोपरा तरी...”

“नाही!”

शेवटी पाहुणीनं आतून स्टूल आणलं, त्यावर तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि हातात वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिला. तिनं त्या सगळ्या गठ्ठ्याच्या घड्या घातल्या. संपल्यावर पोरीनं त्या उलगडून पुन्हा तिच्या हातात दिल्या. मी पहाऱ्याला होते. कपड्याला हात लावायचा की नाही यावरून दोन माणसं तासन् तास वाद घालत होती आणि त्यांना मी तिथे आहे याचंही भान नव्हतं.

निकाल म्हणाल तर पॉलिस्टरला फारसा फरक पडला नाही, ते आपलं आपण वाळलं. रेशमाचंही तसंच, उन्नीस-बीस. सुती तुकड्याला मात्र हाताचा चांगला फायदा झाला. आणि लोकरीचं तर विचारू नका. घडीताईचा वाळून, घडी होऊन स्टुलावर बसला, तरी तिकडचा आपला गळतोच आहे. संध्याकाळ झाली, अंगणात ऊन राहिलं नाही, तरी कागद दाबला की ओल. पाहुणीनं सगळं एका मोठ्या कागदावर लिहिलं. कागद मात्र घडी न घालता, गुंडाळी करून नेला. तशी ताकीदच होती.

शनिवारी प्रदर्शन. घडीताई जायला तयार नव्हती. शाळेत लोक इंग्रजी बोलतील, विज्ञानाचं काही विचारतील, पोरीला कमीपणा येईल, अशी शंभर कारणं. मी तिला जवळजवळ ओढत नेली. आम्ही दाराजवळ, भिंतीला टेकून उभ्या राहिलो. मोठा हॉल होता, टेबलांच्या रांगा होत्या, आणि शेजारच्या मुलाच्या ज्वालामुखीतून लाल फेस बाहेर येऊन त्याच्याच पांढऱ्या शर्टावर सांडला होता. आमच्या अगदी समोरच, पाहुणीच्या टेबलावर दोन छोट्या दोऱ्या, त्यांवर तुकडे, आणि मागे तो कागद. बाकी काही नाही. त्या सगळ्या दिव्यांच्या आणि मोटारींच्या गर्दीत तिचं टेबल अगदी केविलवाणं दिसत होतं.

परीक्षक बाई आल्या. चष्मा कपाळावर, हातात पेन, चेहऱ्यावर सकाळपासूनचा थकवा. कागद वाचून त्या म्हणाल्या, “छान. पण हे हात लावायचं आणि न लावायचं तुला सुचलं कसं?”

“मला नाही सुचलं,” पाहुणी म्हणाली. आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं. “मी आधी साधाच प्रयोग केला होता. एकच दोरी. तो आईनं बिघडवला.”

मी घडीताईकडे पाहिलं. पोर मात्र बोलतच होती, अगदी त्रासून, जसं आपण घरच्या माणसाचं गाऱ्हाणं बाहेरच्याला सांगतो तसं. “मी फक्त जेवायला खाली गेले होते. तेवढ्यात तिनं सगळे पिळले, उलटे केले, आणि वाळल्यावर घड्यासुद्धा घातल्या. तिला ओला कपडा नुसता बघवतच नाही. मग मी म्हटलं, हिच्या हातानं एवढं होत असेल तर तेच मोजूया.”

परीक्षक बाई खळखळून हसल्या. “कुठे आहे तुझी आई?”

“ती काय, दाराजवळ,” पाहुणीनं वळूनही न बघता बोट केलं, आणि लगेच लोकरीच्या तुकड्यावर कागद दाबून दाखवायला लागली. आपण काय बोललो हे तिच्या गावीही नव्हतं. तिला त्या क्षणी लोकर महत्त्वाची होती.

घडीताईनं माझं मनगट पकडलं.

“बाई,” ती म्हणाली, “काय म्हणाली हो ती?”

“प्रयोग तू बिघडवलास म्हणाली.”

“हो,” ती म्हणाली. “मीच बिघडवला.”

बक्षीस ज्वालामुखीच्या पलीकडच्या एका पवनचक्कीला मिळालं. टाळ्या वाजत होत्या आणि ज्वालामुखीवाल्या मुलाची आई आमच्या शेजारी येऊन म्हणाली, तुमच्या मुलीचं राहिलं हो, वाईट वाटलं. घडीताईनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

“अहो, तिचा पहिला प्रयोग मी बिघडवला होता,” तिनं सांगितलं, मग मागच्या बाईला सांगितलं, मग पाण्याच्या नळाशी उभ्या असलेल्या शिपायाला, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ही माफी मागतेय.